काउंटरवर ठरलेली तारीख

एडिसन गावातल्या आमच्या मराठी मंडळात नव्याने आलेल्या मुलामुलींशी ओळख झाली की मी लवकरच आय-९४ वर येते. पाहिलात का, असं विचारलं की बहुतेक जण पासपोर्ट उघडून व्हिसाचं पान दाखवतात. त्यावर पुढच्या दोन-तीन वर्षांची तारीख असते आणि तेवढ्यावर ते निश्चिंत असतात. व्हिसा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीने दिलेला, म्हणजे परराष्ट्र खात्याचा. तो घेऊन अमेरिकेच्या दारापर्यंत येता येतं. आत किती काळ राहायचं हे विमानतळाच्या काउंटरवरचा कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शनचा अधिकारी ठरवतो, आणि त्याने घातलेली तारीख आय-९४ च्या नोंदीत जाते. कंपनीचं पिटिशन मंजूर झाल्याचा कागद, आय-७९७, यूएससीआयएस या तिसऱ्याच कचेरीतून येतो. तिन्हींवर वेगवेगळ्या तारखा असू शकतात. विमानतळावरून आत आलेल्याने राहण्याची मुदत मोजायची ती आय-९४ वरून.

०

नोंद पाहणं सोपं आहे. कस्टम्सच्या सरकारी संकेतस्थळावर नाव, आडनाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक आणि पासपोर्ट देणारा देश भरायचा. पैसे पडत नाहीत. हे मुद्दाम लिहितेय, कारण हुबेहूब सरकारी वाटणारी खासगी पानं याच कामाचे डॉलर घेतात आणि घाबरलेला नवखा माणूस देऊन टाकतो. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट जीओव्ही’ आहे का, एवढं बघावं.

पान उघडलं की चार गोष्टी वाचायच्या. नावाचं स्पेलिंग, पासपोर्टचा क्रमांक, प्रवर्ग (एच-वनबी, एच-फोर, एल-वन जे असेल ते) आणि ‘ॲडमिट अंटिल’ची तारीख. वर अकरा अक्षरांचा आय-९४ क्रमांक असतो. पूर्वी तो सगळा अंकांचा असे. २०१९ पासून दहाव्या जागी एक इंग्रजी अक्षर येतं. ते पाहून काही जण क्रमांक चुकीचा छापलाय असं समजतात. तो तसाच असतो.

०

‘नोंद सापडत नाही’ असा फोन आला की मी आधी नाव कसं भरलं ते विचारते. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि मग आडनाव. पासपोर्टवर पहिली दोन मिळून ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात बसतात. संकेतस्थळावर नुसतं ‘सचिन’ भरलं तर नोंद लपून राहते, ‘सचिन रमेश’ भरलं की समोर येते. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी तर पासपोर्टवर जे आहे तेच अक्षरशः उतरवावं, मग माहेरचं असो की सासरचं. तरी नाही मिळाली तर व्हिसावरचं स्पेलिंग घालून पाहावं.

पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर व्हिसावर एकुलतं एक नाव आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ येतं. तेच पुढे आय-९४ वर, मग लायसन्सवर, मग बँकेच्या कार्डावर. भारतात असतानाच पासपोर्ट दुरुस्त करून घेणं हाच त्यावर खरा इलाज. इथे येऊन प्रत्येक कचेरीत वेगळं भांडण होतं.

०

३० एप्रिल २०१३ पासून विमानतळांवर कागदी आय-९४ बंद होत गेला. त्याआधी विमानात पांढरं कार्ड वाटलं जाई. आपण स्वतःच्या हाताने भरायचं, अधिकारी त्यावर शिक्का मारून तारीख लिहायचा आणि खालचा तुकडा पासपोर्टात स्टेपल करून द्यायचा. देश सोडताना तो विमान कंपनीला परत करायचा. कुणी चुकून भारतात घेऊन गेलंच तर केंटकी राज्यातल्या लंडन नावाच्या गावी टपालाने पाठवायचा, नाहीतर तुम्ही देश सोडलाच नाहीत असं दिसायचं. त्या काळी पुण्याहून, नागपूरहून किती पाकिटं त्या लंडनला गेली असतील.

त्या कार्डाची आठवण काढते ती एवढ्यासाठी की ते हातात यायचं. तारीख पासपोर्टात टाचलेली असायची, घरातल्या सगळ्यांना दिसायची. आताची नोंद संगणकात होते आणि ती स्वतः शोधून उघडावी लागते. बऱ्याच विमानतळांवर आता पासपोर्टवर शिक्काही उमटत नाही. काम सोयीचं झालं हे मान्यच. पण माणसाच्या राहण्याचा हक्क ज्या ओळीत आहे ती ओळ त्याला न दाखवता लिहिली जाते, हे मला पटत नाही. निदान ईमेलने तरी पाठवावी. पत्ता व्हिसाच्या अर्जात भरलेला असतोच.

०

अबूधाबीमार्गे येणाऱ्यांची अमेरिकन तपासणी अबूधाबीतच होते. तिथे २०१४ पासून अमेरिकन अधिकारी बसतात. त्यामुळे इथे उतरल्यावर थेट सामानाच्या पट्ट्यापाशी पोहोचता येतं आणि ‘आपल्याला कुणी विचारलंच नाही’ असं वाटतं. विचारलेलं असतं, नोंदही झालेली असते.

०

सगळ्यात जास्त गोंधळ पासपोर्टच्या मुदतीमुळे होतो. पिटिशन तीन वर्षांचं, व्हिसा तीन वर्षांचा, पण पासपोर्ट वर्षभरात संपणार असेल तर अधिकारी पुष्कळदा आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देतो. मोठ्या माणसाचा भारतीय पासपोर्ट दहा वर्षांचा, म्हणून त्याच्यावर ही वेळ क्वचित येते. लहान मुलांचा पाच वर्षांचा असतो. एच-फोरवर, म्हणजे एच-वनबीवाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, आलेल्या मुलांच्या नोंदी आखूड निघतात त्या यामुळे.

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबात असंच झालं. मुलीचा पासपोर्ट जन्मल्याबरोबर काढलेला. ती साडेतीन वर्षांची असताना सगळे आले. आईवडिलांना पिटिशनच्या शेवटापर्यंतची तारीख मिळाली, मुलीला पासपोर्टच्या. पासपोर्ट संपत आला तेव्हा आईने वेळेवर वकिलातीतून नवा करून घेतला आणि मुलीचं काम झालं असं समजून फाइल बंद केली. पासपोर्ट नवा झाल्याने आय-९४ पुढे सरकत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. वडिलांच्या एक्स्टेन्शनची वेळ आली आणि वकिलाने सगळ्यांचे कागद मागितले, तेव्हा मुलीची तारीख उलटून वर्ष होऊन गेलेलं.

कायदा इथे मुलांच्या बाबतीत थोडा दयाळू आहे. मोठ्या माणसाने मुदतीबाहेर १८० दिवसांहून जास्त राहून देश सोडला तर तीन वर्षं, आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त राहिला तर दहा वर्षं परत येता येत नाही. १९९६ चा कायदा आहे हा. अठरा वर्षांखालच्या मुलांचे दिवस त्यात मोजत नाहीत. तरीही मुलीचा स्टेटस गेला होता आणि मुदत ओलांडल्यामुळे पासपोर्टातला व्हिसाही रद्दबातल ठरला होता. आई तिला घेऊन पुण्याला गेली, नवा व्हिसा काढला आणि दोघी परत आल्या. मधल्या काळात बाळाची शाळा बुडाली, आईची झोप उडाली आणि वडील इथे एकटे प्रत्येक फोनला दचकत राहिले. सहा वर्षांच्या मुलीला ‘बेकायदा’ हा शब्द लागू शकतो, हे त्या आईला फार लागलं. मलाही.

०

ही चूक इतके दिवस दडून का राहते, यावर मी बराच विचार केला.

नवऱ्याचा आय-९४ पहिल्या आठवड्यातच तीन-चार जणांच्या नजरेखालून जातो. कंपनीला कामाच्या पहिल्या दिवसापासून तीन कामकाजाच्या दिवसांत आय-९ चा फॉर्म पुरा करावा लागतो, त्यात पासपोर्टबरोबर आय-९४ लागतो. सोशल सिक्युरिटी नंबर देणारी कचेरी तीच नोंद तपासते. गाडीचं लायसन्स देणारीही तपासते, आणि बऱ्याच राज्यांत लायसन्सची मुदत तिथेच संपते. म्हणजे त्याच्या नोंदीत काही वावगं असेल तर कुणीतरी हटकतं.

बायको फार तर लायसन्सपुरती त्या खिडकीशी जाते.

मूल कुठेच जात नाही. सरकारी शाळेने मुलाचा इमिग्रेशनचा दर्जा पाहून प्रवेश नाकारायचा नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८२ चा निकाल आहे. फार मोलाचा निकाल, त्याने लाखो मुलं वर्गात बसली. त्यामुळे शाळेत पत्त्याचा पुरावा आणि लसींची नोंद पाहतात, आय-९४ मागत नाहीत. डॉक्टर मागत नाही. तेव्हा मुलाचा कागद पाहणारी माणसं जगात दोनच, त्याचे आईवडील.

०

वकील कंपनीचा असतो. तो चांगला असतो, कामसूही असतो, पण त्याचं अशील कंपनी. एक्स्टेन्शनच्या वेळी कंपनी आय-१२९ भरते तो नोकरी करणाऱ्यासाठी. बायकोमुलांचा आय-५३९ हा वेगळा अर्ज आहे, वेगळ्या फीचा. काही कंपन्या तोही भरून देतात, काही देत नाहीत. ‘माझं एक्स्टेन्शन आलं’ याचा अर्थ ‘आपलं आलं’ असा होत नाही.

०

तुझी तारीख काय, असं एका मुलीला विचारलं. “ह्यांना माहीत असेल, काकू,” म्हणाली. इंजिनिअर आहे, पुण्यात आठ-दहा जणांची टीम सांभाळत होती. पासवर्ड, पासपोर्ट, फाइल सगळं नवऱ्याकडे. तो वाईट माणूस नाही, त्याला वाटतं आपण तिचा भार हलका करतोय. मी दोघांना समोर बसवून सांगितलं, हिची नोंद हिने स्वतः काढायची, स्वतःच्या फोनवर ठेवायची. एच-फोरवर माणूस आधीच दुसऱ्याच्या कागदाला बांधलेला असतो. स्वतःची तारीखही दुसऱ्याने लक्षात ठेवायची असेल तर हातात काय राहिलं?

तिला पुढे नोकरी करायची आहे. मे २०१५ पासून नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठीचं पिटिशन) मंजूर झालेल्या एच-फोर बायकांना वर्क परमिट मिळू शकतं, आणि त्या कार्डाची मुदत तिच्या आय-९४ च्या पुढे जात नाही. म्हणजे काउंटरवर आखूड लिहिली गेलेली तारीख तिची नोकरीही आखूड करते.

०

एल-टूची गोष्ट तर एका अक्षराची आहे. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतून बदलीवर येणारे एल-वनवर येतात आणि त्यांच्या बायका किंवा नवरे एल-टूवर. पूर्वी त्यांना कामासाठी वेगळं परमिट काढावं लागे आणि त्यात महिनेच्या महिने जात. एका खटल्यातल्या तडजोडीनंतर, नोव्हेंबर २०२१ पासून, पती-पत्नींना एल-टू दर्जाबरोबरच कामाची परवानगी असते असं मान्य झालं. ३० जानेवारी २०२२ पासून त्यांच्या आय-९४ वर प्रवर्ग ‘एल-टू-एस’ असा येतो. मुलांच्या नोंदीवर नुसता एल-टू.

आता अधिकाऱ्याने घाईत बायकोच्या नोंदीवरही नुसता एल-टू टाकला, तर नव्या कंपनीला दाखवायला तिच्याकडे पुरावा राहत नाही. हक्क असतो, कागद नसतो. एल-वन कुटुंबांना माझं सांगणं असतं की काउंटरवरच लग्नाचा दाखला हाताशी ठेवा, आणि घरी पोहोचलात की शेवटचं अक्षर बघा.

०

चूक निघाली तर डिफर्ड इन्स्पेक्शनच्या कचेरीत जायचं. मोठ्या विमानतळांवर किंवा त्यांच्या आसपास ती असते. काही ठिकाणी ईमेलवरही काम होतं, म्हणून आधी चौकशी करावी. पासपोर्ट, व्हिसा, आय-७९७, बोर्डिंग पास सोबत ठेवावा. नावाचं स्पेलिंग, चुकीचा प्रवर्ग, मंजुरीपेक्षा कमी दिलेली तारीख, एच-फोरच्या जागी पडलेलं पाहुण्यांचं बी-टू, अशा गोष्टी तिथे सुधारून मिळतात. आय-७९७ ला जोडून आलेल्या आय-९४ मधली चूक त्यांची नव्हे, ती यूएससीआयएसकडे न्यावी लागते.

पासपोर्टमुळे आखूड झालेली तारीख मात्र साधारणपणे चूक धरत नाहीत, कारण अधिकाऱ्याने ती जाणूनबुजून दिलेली असते. मग मार्ग दोन. नव्या पासपोर्टवर देशाबाहेर जाऊन परत येणं, किंवा मुदत संपायच्या आत एक्स्टेन्शनचा अर्ज करणं. ‘आत’ या शब्दाखाली मी वहीत रेघ मारली आहे.

०

मुलाला घेऊन येणार असाल आणि पासपोर्टची मुदत थोडी उरली असेल तर निघण्याआधीच नवा काढून घ्या. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो. जुन्या पासपोर्टात चालू व्हिसा असेल तर दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवून प्रवास करता येतो.

०

एक्स्टेन्शन मिळालेल्यांना वेगळाच खड्डा आहे. यूएससीआयएसच्या मंजुरीच्या कागदाखाली नवा आय-९४ जोडून येतो, समजा पुढच्या तीन वर्षांचा. त्यानंतर माणूस बहिणीच्या लग्नाला कोल्हापूरला जाऊन येतो. पासपोर्टातला व्हिसा जुन्या पिटिशनचा, पण अजून चालू. काउंटरवर तो तेवढाच दाखवतो, अधिकारी जुनी तारीख टाकतो. आता दोन आय-९४ झाले, आणि वकील साधारणपणे शेवटचा धरून चालायला सांगतात. म्हणजे लग्नाला जाण्याआधी असलेली तीन वर्षं परत येताना काही महिन्यांवर येतात. परतताना नवा आय-७९७ पासपोर्टाबरोबरच काउंटरवर ठेवायचा, मागेपर्यंत थांबायचं नाही.

०

तारीख पिटिशनपेक्षा दहा दिवसांनी पुढची दिसली तर ती चूक नव्हे. सामानसुमान आवरायला अधिकारी तेवढे दिवस देऊ शकतो. त्या दहा दिवसांत राहता येतं, काम करता येत नाही.

नोकरी गेल्यावर इथे राहायला मिळणाऱ्या ६० दिवसांबद्दल मात्र खूप चुकीचं ऐकू येतं. जानेवारी २०१७ पासूनच्या नियमानुसार ते जास्तीत जास्त ६० दिवस, किंवा आय-९४ संपेपर्यंत, यांतलं जे आधी येईल ते. ज्याची नोंद तीन आठवड्यांत संपतेय त्याला तीनच आठवडे. ले-ऑफची बातमी कळलेल्या संध्याकाळी कुणी माझ्याकडे आलं तर मी चहा टाकते आणि पहिल्यांदा हीच तारीख काढून घेते. रेझ्युमे नंतर.

०

नायगारा. आपला प्रत्येक पाहुणा तिथे जातो आणि पलीकडच्या कॅनडाच्या बाजूने धबधबा जास्त चांगला दिसतो हेही खरं. कॅनडाचा व्हिसा असेल तर पूल ओलांडून जाता येतं. अमेरिकेचा व्हिसा संपलेला पण आय-९४ चालू असेल, तर तीस दिवसांच्या आत परतणाऱ्याला बहुतेक वेळा जुन्याच आय-९४ वर आत घेतात. त्यासाठी नोंदीची छापील प्रत जवळ हवी. मात्र तिकडे जाऊन अमेरिकेच्या नव्या व्हिसासाठी अर्ज केला तर ही सवलत मिळत नाही.

०

आईबाबांच्या पासपोर्टावर दहा वर्षांचा बी-टू व्हिसा असतो. लेकीच्या बाळंतपणाला आलेल्या आईला दहा वर्षं राहता येईल असं कुणाला वाटत नाही, पण ‘सहा महिने मिळतातच’ असं सगळ्यांना वाटतं. बहुतेकदा मिळतातही. तरी परतीचं तिकीट आय-९४ वरची तारीख पाहूनच पक्कं करावं. आई आणि बाबा, दोघांची वेगळी पाहावी.

०

संकेतस्थळावर शेवटचाच आय-९४ दिसतो. नव्याने आत आलात की आधीचा तिथून जातो. येण्याजाण्याचा इतिहास पाहायची सोय आहे, पण त्यात फक्त तारखा आणि ठिकाणं असतात, कधी एखादी फेरी गाळलेलीही असते. ग्रीन कार्डाच्या वेळी वकील जुनं सगळं मागतो. भारतात जन्मलेल्यांची ती रांग इतकी लांब आहे की मधल्या काळात कितीतरी नोंदी येऊन जातात. जुनी नोंद मिळवायची तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो, इथला तो कायदा १९६६ चा आहे, आणि उत्तराला वेळ लागतो. त्यापेक्षा प्रत्येक वेळी उतरल्यावर घरातल्या प्रत्येकाची पीडीएफ उतरवून, नाव आणि तारीख घालून ठेवावी. मुलांच्या फाइली वेगळ्या. तारखेच्या सहा महिने आधीची आठवण नवरा आणि बायको दोघांच्याही फोनवर लावावी.